वर्ग : इतर

धरण यंदा मार्चलाच तळाला गेलं
आणि मागच्या दिवाळीत भोई जिथं जाळी टाकत होते
तिथून रॅली जाणार असं ठरलं.
मला शिट्टी दिली, पिवळा झेंडा, नारंगी जाकीट,
एक रजिस्टर, प्लॅस्टिकची खुर्ची.
चौकी नंबर सात.
तेलगाव रोडला माझं पंक्चरचं दुकान;
याला चाकं कळतात, साहेब म्हणाले, हा बसंल.

चाकं कळतात, हे खरंय.
टायर हातात आला की सांगतो,
माणूस वळणाआधी ब्रेक मारतो का वळणात.

पहाटे आधी मोटरसायकली,
दोन-दोन मिनिटांनी एकेक.
हँडलवर कागदाची गुंडाळी, तोच नकाशा,
अंगठ्यानं पुढं सरकवत, उभ्यानं चालवत.
त्यांच्यापुढं कुणाची खूण नसते.
ते चुकले
की मागच्यांना त्यांची चूकच रस्ता वाटते.

मग मोठ्या चाकांच्या उघड्या गाड्या, किरट्या आवाजाच्या.
मग मोटारी.
मग ट्रक, माळावर रेडे सोडावेत तसे.

रस्ता एकच, साहेबांनी समजावलं, घड्याळं वेगळी.
मागच्यानं बटण दाबायचं,
पुढच्याच्या कानाशी भोंगा वाजतो,
त्यानं बाजूला व्हायचं.
न होणाऱ्याला दंड, न वाजवणाऱ्यालाही.
मी म्हणालो, हे आमच्या कारखान्याच्या रस्त्याला आणा की.
तिथं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गाणी लावून चालतो
आणि मागं एसटीत बाळंतपणाला निघालेली बाई
नुसती उसाची शेंडं बघत बसते.

साडेअकराला बेचाळीस नंबर आली.
काळ्या मातीतलं पाणी हटलं की भेगा पडतात,
वासरू अडकंल एवढ्या.
पुढचं चाक गेलं, पोरगी पालथी,
माझ्यापासून दोनशे पावलांवर.
मागं धुळीची भिंत.
भिंतीत कुठंतरी मोटार, मोटारीमागं ट्रक.
पडलेल्या गाडीचा भोंगा वाजतच होता :
बाजूला हो, बाजूला हो.
पाय गाडीखाली. कुठं होणार?

मी पळालो झेंडा घेऊन.
धुळीत पिवळा रंग दिसत नाही
हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.
शिट्टी खुर्चीवर राहिलेली.

मोटार गेली.
डावीकडून, हातभर अंतरावरून.
‘आम्ही दिसलो नसू’ असं मी नंतर रजिस्टरात लिहिलं.
खात्री नाही.

ट्रक थांबला.
नांदेडचा गुरनाम, पगडीच्या घडीत धूळ,
उतरला, गाडी खुर्ची उचलावी तशी उभी केली,
वाकडं हँडल गुडघ्यात धरून सरळ केलं.
‘तुमचा वेळ गेला की,’ पोरगी म्हणाली.
‘परत देतात. हे लिवून ठेवतात,’
माझ्याकडं बोट.
मी लिहिलं : ट्रक, सात मिनिटं.
आयुष्यात पहिल्यांदा कुणाला वेळ परत दिला.

आणि मग बब्रुवान आला.
लूनावर, दोहीकडं दुधाच्या कॅना,
पलीकडच्या वस्तीवरून, तळातून, रोजच्या वाटेनं.
वायरलेसवर साहेब ओरडले :
कोण आहे तो? कुठल्या वर्गातला?
रजिस्टरात रकाने चारच.
पाचवा आखला, पट्टी नव्हती, वाकडा आला.
वर्ग : इतर. वेळ : बारा चाळीस. दंड : नाही.
भोंगा ऐकू आला का रं, मी विचारलं.
‘कान कुठं राहिलेत आता.
पण जमीन हालली की कळतंय. थांबतो मी.’

दुसऱ्या दिवशी खुर्ची आणायला गेलो.
मोटरसायकलींची बारीक रेघ कुठं कुठं उरलेली,
बाकी सगळं ट्रकनी दाबून टाकलेलं.
त्याच चाकोरीतून लूना चालली होती, सरळ.
दूध हिंदकळत नाही, म्हणे.

खुर्ची कुणीतरी नेली होती.
शिट्टी भेगेत सापडली. वाजवून बघितली.
लांबवर बब्रुवान थांबला,
मागं वळून बघितलं त्यानं,
आणि बाजूला झाला.